झाडासोबत एक चिठ्ठी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत हॉल सजवण्यावरचं पान होतं, त्यात अर्ध्या पानाचा फोटो होता, राखाडी सोफा, सोफ्यामागच्या कोपऱ्यात पांढऱ्या चकचकीत कुंडीत फिडल लीफ फिग, म्हणजे मोठाल्या पानांचं शोभेचं झाड, आणि फोटोत खिडकी कुठेच नाही. बघून पोटात कालवलं. कारण अशाच कोपऱ्यात अशाच कुंडीत माझं झाड जवळजवळ मेलं होतं, आणि आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर कचऱ्याच्या डब्यांशेजारी हीच झाडं मी वाळलेली, उभीच्या उभी, कुंडीसकट टाकलेली बघितली आहेत. एक नाही, पाच. म्हणून हे पत्र, जरा मोठं होईल पण कापू नका ही विनंती.

मी ठाण्यात मानपाड्याला राहते, घोडबंदर रोडपासून दोन बिल्डिंग आत, सातवा मजला. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून धुळीचं काय सांगू, सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. नातवाला सारखा खोकला, म्हणून दोन वर्षांपूर्वी जवळच्याच एका नर्सरीत गेले, तर तिथला मुलगा हेच फिडल लीफ दाखवून म्हणाला, मावशी हे घ्या, हवा साफ करतं, ऑक्सिजन देतं, फक्त रोज एक मग पाणी घाला बाकी काही बघायला नको. अठराशे रुपये दिले. वर कुंडी वेगळी, भोक नसलेली सिरॅमिकची, म्हणजे फरशी खराब होणार नाही. नर्सरीचं नाव लिहीत नाही कारण हे एका नर्सरीचं नाहीच, नंतर चार ठिकाणी विचारलं आणि तीन ठिकाणी मला हेच उत्तर मिळालं, रोज एक मग.

आधी त्या हवा साफ करण्याचं सांगते कारण बहुतेक लोक ह्याच आशेने झाड घेतात, मीही घेतलं. ही गोष्ट कुठून आली तर १९८९ साली नासाने एक अभ्यास केला होता, त्यात लहान बंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून हवेतली बेंझीन, फॉर्माल्डिहाईडसारखी रसायनं किती कमी होतात ते मोजलं होतं, आणि त्यात फायकसही, म्हणजे ह्याच कुळातलं एक झाडही, होतं. पण पेटी बंद होती हो, आपलं घर बंद नसतं, दारं-खिडक्यांतून हवा सतत जात-येत असते. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब कोणीतरी नीट मांडला, तर निघालं असं की घरातली नेहमीची हवा खेळती राहून जेवढा फरक पडतो तेवढा झाडांकडून हवा असेल तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. आणि आमच्या नातवाला त्रास होता तो रस्त्याच्या धुळीचा, तो तर त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. म्हणजे झाड घ्या, जरूर घ्या, पण ते खोकल्याचं औषध म्हणून कोणी विकू नये आणि पेपरनेही तसं छापू नये असं मला मनापासून वाटतं.

तर झाड घरी आलं. पहिला महिना झकास. मग खालच्या पानांवर तपकिरी डाग, पानाच्या मधोमध, देठाजवळ, गडद, आणि आठवड्याला दोन-तीन पानं धप्प करून पडायला लागली, हो धप्पच, कारण ह्याचं पान लहानसहान नसतं, त्याच्या मूळ जागी ते हातभर लांब म्हणजे ४५ सेंटीमीटरपर्यंत होतं आणि ताडपत्रीसारखं जाड. रात्री पान पडलं की मला झोपेत आवाज यायचा. मी घाबरले, वाटलं उन्हाळा आहे, तहान लागली असेल, पाणी वाढवलं. अजून पानं गळली. अजून पाणी घातलं. हे चक्र बरेच लोक फिरतात म्हणून नीट सांगते, मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, मातीच्या कणांमधल्या पोकळीत ती असते, ती पोकळी पाण्याने सतत भरून राहिली की मुळं गुदमरतात आणि सडतात, आणि सडलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही, मग वर पानं सुकलेली दिसतात. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरत असतं आणि आपण प्रेमाने आणखी एक मग ओततो.

शेवटी आमच्या सोसायटीच्या माळीकाकांना वर बोलावलं. त्यांनी झाडाला हात लावायच्या आधी एक पान देठापासून तोडलं, पांढरा चीक टपकला, मला दाखवला आणि म्हणाले, "ताई, चीक बघा, वडाच्या जातीचं हाय हे. वडाला रोज कोण पाणी घालतं?" मग बाथरूममध्ये नेऊन आतली प्लॅस्टिकची कुंडी उचलली तर सिरॅमिकच्या तळाला चार बोटं काळं पाणी, आठ दिवस न बदललेल्या फुलदाणीला येतो तसा वास. मातीचा गोळा बाहेर काढला. वरच्या भागात काही मुळं पांढरी-पिवळसर, टणक, आणि खाली सगळी काळी. काकांनी एक काळं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं तर मोजा निघावा तशी त्याची साल हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. मी बाजूला बसून कात्रीने काळी मुळं कापत होते आणि रडू येत होतं, कारण हे मीच केलं होतं, रोज सकाळी, न चुकता.

निम्मी मुळं गेली. काकांनी लाल माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळ खत आणि मूठ-मूठ जाड वाळू असं भुसभुशीत मिसळलं, साधी मातीची कुंडी आणली, खाली मोठं भोक, त्यावर खापरीचा तुकडा, आणि मुळं कमी झाली म्हणून कुंडीही आधीपेक्षा लहान घेतली, हे महत्त्वाचं आहे, आपण हौसेने मोठी कुंडी घेतो आणि मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. मग झाड पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर ठेवलं आणि काका म्हणाले आता ह्याला विसरा. साडेपाच आठवडे काहीच झालं नाही. नुसती काठी आणि वर चार पानं. मग एका सकाळी चहा घेऊन गेले तर टोकाचा तपकिरी पापुद्रा, कागदासारखा असतो बघा, तो एका बाजूने चिरला होता आणि आतून पोपटी टोक बाहेर आलं होतं. वडाचा, पिंपळाचा कोंब ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना माहीत आहे, ह्या सगळ्यांच्या टोकाला अशी टोपी असते आणि नवीन पान तिच्यात घडी घालून बसलेलं असतं. पुढचे तीन दिवस मी रोज बघत होते, घडी उलगडताना पान इतकं कोवळं आणि चमकदार असतं की ओलं वाटतं. आज त्या झाडाला एकोणीस पानं आहेत.

आता हे वडाच्या जातीचं म्हणजे काय, तर खरोखरच एकाच घराण्यातलं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, नांदरूक ही सगळी फायकस. फिडल लीफ पश्चिम आफ्रिकेतलं, सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या दमट जंगलातलं, तिथे ते चाळीस-पन्नास फूट वाढतं आणि आपल्या वडासारखंच पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजून सुरुवात करतं. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कोपऱ्यात उभं असतं ते रबर प्लांट तर आपल्याच ईशान्येकडचं, मेघालयात खासी लोक त्याचीच मुळं नदीवरून पलीकडे वळवून कित्येक वर्षं वाढवत जिवंत पूल करतात, त्यावरून माणसं जातात-येतात, आणि इकडे आपण त्याला ट्यूबलाइटखाली ठेवून म्हणतो ह्याला काही लागत नाही. नर्सरीत गाठाळ मुळांचं 'बोन्साय' म्हणून भाव खाऊन विकतात ते बहुतेक वेळा आपलं नांदरूक असतं, रस्त्याच्या कडेला उभं असतं तेच. उंबराचं फूल आपण दुर्मिळ गोष्टीला म्हणतो ना, खरं तर ह्या सगळ्या झाडांना फुलं शेकड्याने असतात, पण फळाच्या आत, आणि जवळजवळ प्रत्येक जातीची आपली वेगळी इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. आमच्या हॉलमधल्या झाडाला फळ धरेल अशी मला आशा नाही पण ते त्या कुळातलं आहे हे कळल्यावर त्याच्याकडे बघायची माझी नजर बदलली हे नक्की. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, आपण वडाला दोरा गुंडाळतो, आणि त्याच भावकीतलं झाड घरात कुजून मरतं तर आपल्याला कळतही नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

दुसरी एक गोष्ट सांगते. माझ्या नणंद नेरुळला राहतात, त्यांच्याकडे फायकस बेंजामिना, बारीक लोंबत्या पानांचं, सहा वर्षांचं झाड. घराला रंग काढला तेव्हा ते बाल्कनीतून आतल्या खोलीत नेलं आणि दहा दिवसांत अर्ध्याच्या वर पानं खाली. त्यांचा फोन आला, "वहिनी, गेलं हो ते झाड, बाईला सांगते उद्या टाकून दे." मी म्हटलं वन्सं, थांबा, आधी एक बारीक फांदी नखाने खरवडून बघा, आतून हिरवी आहे का. हिरवी होती, आणि चीकही आला. म्हटलं मग झाड जिवंत आहे, जागा बदलली म्हणून रुसलंय, ह्या बेंजामिनाची ही खोडच आहे, उजेड बदलला की जुनी पानं टाकून देतं आणि नव्या उजेडाला जुळतील अशी नवी काढतं. पुन्हा आधीच्या जागी ठेवा, पाणी कमी करा कारण पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण, आणि महिनाभर हात लावू नका. महिन्याच्या आत फुटवे आले. टाकून दिलं असतं तर सहा वर्षं कचऱ्यात गेली असती. कितीतरी झाडं अशी जिवंतपणी फेकली जातात असं मला आता वाटायला लागलंय.

आणि नेटवरच्या सल्ल्याबद्दल एक. मीही व्हिडिओ बघून बघून ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओल सोडणारं यंत्र, घ्यायला निघाले होते. ते सल्ले थंड देशातल्या लोकांनी लिहिलेले असतात, तिकडे हिवाळ्यात हीटर लावून घरातली हवा कोरडी ठक्क होते म्हणून ते पानांवर फवारे मारतात, हिवाळ्यात पाणी कमी करा म्हणतात. आपल्याकडे ठाण्यात दमटपणाची कमी आहे का? इथे कपडे वाळत नाहीत जुलैमध्ये. आपल्याकडे पाणी कमी करायचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर, कारण ढगांमुळे उजेड कमी, झाड हळू चालतं, माती सुकतच नाही. माझ्याकडे मे महिन्यात आठवड्याला दोनदा पाणी लागतं आणि पावसाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा, पण माझा आकडा घेऊ नका, तुमच्या घरची हवा वेगळी, बोट घाला मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालायचं तेव्हा भरपूर, खालच्या भोकातून वाहीपर्यंत, मग ताटलीतलं ओतून टाकायचं. खतही तसंच, फेब्रुवारी ते मे थोडं थोडं आणि मग ऑक्टोबरमध्ये, ऐन पावसाळ्यात नाही. कुंडी बदलायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, वर्षा-दोन वर्षांनी.

उजेडाचं लोकांना सर्वात कमी समजतं. आपल्या डोळ्याला खोली उजळ वाटते पण झाडाला ती अंधारी असते. माझी साधी पद्धत, दुपारी झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवायचा आणि वर वीतभरावर हात धरायचा, सावलीची कड ओळखू आली तर जागा बरी, नुसता धूसर डाग दिसला तर तिथे फायकस नको, मनी प्लांट ठेवा. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिल-मेमध्ये पातळ पडदा लावा नाहीतर दुपारचं ऊन पानं भाजतं, पांढरट चट्टे पडतात ते परत जात नाहीत. एसीचा झोत पानांवर नको, त्याने कडा करपतात. आमच्यासारखं रस्त्याजवळ राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी पानं पुसायचीच, खालून एका हाताचा आधार देऊन, जुन्या सुती साडीच्या ओल्या फडक्याने, दुसरं काही नाही, खोबरेल तेल किंवा दूध लावतात लोक चमकायला, त्यावर धूळ आणखी चिकटते. पुसताना पानाच्या मागे बघा, कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी, दोन्हीला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं, आठ दिवसांनी परत. चीक हाताला लागला तर खाज येते कोणाकोणाला, आणि मांजर किंवा लहान मूल पान चावत असेल तर उंचावर ठेवा, पोटाला त्रास होतो.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं कळायला मला दोन वर्षं, अर्धी मुळं आणि माळीकाका लागले. हेच मला नर्सरीत झाड देताना हातात मिळालं असतं तर? औषधाच्या पाकिटात कागद असतो, मिक्सरसोबत पुस्तक येतं, अठराशे रुपयांच्या जिवंत झाडासोबत काहीच का नाही? म्हणून माझी विनंती नर्सरीवाल्यांना, झाडासोबत मराठीत एक चिठ्ठी द्या. पोस्टकार्डाएवढी पुरे. झाडाचं खरं नाव, नुसतं 'फायकस' नाही. खिडकी कोणत्या दिशेची. पाणी कधी घालायचं हे वारावर नाही तर मातीवर. भोक असलेली कुंडी. आल्या-आल्या थोडी पानं गळतील, घाबरू नका, जागा बदलू नका. हवा शुद्ध करण्याचं खोटं लिहू नका. ठाणे महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन भरतं, हजारो लोक येतात, तिथून झाडं घेऊन जातात, तिथल्या रोपांच्या स्टॉलना पालिकेने ही चिठ्ठीची अट घातली तर सुरुवात तिथूनच होईल, खर्च तरी किती, एक झेरॉक्स. सोसायट्यांनीही एवढं करावं, कुणाचं झाड मरायला टेकलं असेल तर कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवण्याऐवजी माळीकाकांकडे द्यायचं, आमच्याकडे आता गच्चीच्या जिन्याखाली, उत्तरेच्या उजेडात, त्यासाठी एक जागा केली आहे, सध्या तिथे तीन आहेत आणि त्यातल्या दोघांना फुटवा आलाय. एक विनंती अजून, नको झालेली झाडं कोणी येऊरच्या जंगलात नेऊन लावू नका, चांगल्या मनाने करतात लोक, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे त्याचे स्वतःचे वड-उंबर आहेत.

मी जिथून झाड घेतलं होतं तिथे गेल्या महिन्यात परत गेले, भांडायला नाही. चिठ्ठी हाताने लिहून नेली होती. तो मुलगा वाचून म्हणाला, "मावशी, एवढं वाचल्यावर कोण घेणार?" मी म्हटलं ज्याच्याकडे खिडकी आहे तो घेईल, आणि त्याचं जगलं तर तोच दुसरं घ्यायला परत येईल. त्याने बराच वेळ कागद हातात धरला, मग विचारलं रोज पाणी घालायचं नाही हे खरं का, त्याला त्याच्या मालकाने तसंच सांगितलं होतं. मी त्याला तिथल्याच एका झाडाची कुंडी उचलायला लावली, ती पाण्याने जड होती, शेजारची कोरडी हलकी होती, दोन्ही आलटून पालटून त्याने तीन-चारदा उचलून बघितल्या. काल त्या रस्त्याने गेले तर काउंटरवर काचेखाली माझ्या अक्षराची झेरॉक्स होती.

तीच चिठ्ठी सोबत जोडली आहे. पुरवणीत पुढच्या वेळी फिडल लीफचा फोटो छापाल तेव्हा त्याच्याशेजारी जागा असेल तर तीही छापा, आणि फोटो खिडकी दिसेल असा घ्या.

आपली,
एक नियमित वाचक
मानपाडा, ठाणे (प.)